नोकरदार घरचे जेवण : वेळ थोडा, पोषण पुरे

दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या निमित्ताने आमच्या वस्तीतील बुद्धविहारात आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते. एका टेबलावर रक्तदाब, दुसऱ्यावर साखर आणि तिसऱ्यावर बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन अशी व्यवस्था होती. आम्ही नावे लिहून घेण्याच्या कामावर होतो. बँकेतल्या माणसाच्या वाट्याला कुठेही गेले तरी रजिस्टरच येते. आमची मुलगी त्या वेळी नववीत होती. मैत्रिणींबरोबर हसतखिदळत ती रांगेत उभी राहिली आणि परत आली ती हातात चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर आकडा होता ९.४. या वयाच्या मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान १२ असावे लागते. तिच्या मैत्रिणींपैकीही बहुतेकींच्या चिठ्ठीवर बाराच्या खालचेच आकडे होते.

आम्हाला शरम वाटली, हे कबूल केले पाहिजे. घरात दोन पगार येतात. महिन्याचा किराणा भरलेला असतो. मुलीने मागितले आणि तिला खायला मिळाले नाही असे कधी झाले नाही. तरीही तिच्या अंगात रक्त नव्हते. शिबिराच्या डॉक्टरबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंस, ते सांग." तिने सांगितले: सकाळी चहा आणि खारी, शाळेच्या डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, क्लासला जाताना वडापाव, घरी आल्यावर पुन्हा चहा-बिस्किटे आणि रात्री दहाला भात व पातळ वरण. यादी ऐकताना आमचे आम्हालाच कळून चुकले. पोट दिवसभर भरलेले होते. पण त्या यादीत हिरवे पान नव्हते, कडधान्य नव्हते, फळ नव्हते, अंडे-मासळी नव्हती.

स्मरणिका समितीने आमच्याकडे दरवेळी ठेवींच्या योजना नाहीतर शैक्षणिक कर्ज यांवरच लेख मागितला आहे. या वेळी आम्हीच सांगितले की व्याजदर पुढच्या वर्षी लिहू, यंदा स्वयंपाकघराबद्दल लिहू द्या. आम्ही आहारतज्ज्ञ नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात, सकाळची गाडी आणि रात्रीची गाडी यांच्यामध्ये जो वेळ उरतो त्यात काय जमले आणि काय फसले, तेवढेच येथे सांगणार आहोत.

प्रथम आकडे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना. म्हणजे हा केवळ उपाशी माणसांचा आजार नव्हे, खाऊनपिऊन सुखी घरांतही तो आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जी प्रमाणे ठरवून दिली, त्यांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते. त्याच वयाच्या मुलाला २२ आणि मोठ्या पुरुषाला १९. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. घरात ज्याच्या ताटात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वाढले जाते, त्या बापाची गरज सर्वांत कमी. आणि जिला "तू मागून बस" म्हटले जाते तिची गरज सर्वांत जास्त. आपल्या घरांतील वाढण्याची पद्धत नेमकी उलटी आहे.

पांढऱ्या तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसते. बटाट्यात नाममात्र असते. मैद्याच्या पावात, खारीत, बिस्किटात तर विचारूच नये. याउलट कुळीथ, मटकी, मसूर या कडधान्यांच्या शंभर ग्रॅममध्ये सहा ते नऊ मिलिग्रॅम असते, बाजरीत सहाच्या आसपास आणि नाचणीत चारच्या वर. नाचणीचे खरे धन म्हणजे कॅल्शियम. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते सव्वाशेच्या आत असते.

आता ही नावे पुन्हा वाचा. नाचणी, कुळीथ, बाजरी, मटकी. ही काही परदेशातून आलेली औषधे नाहीत. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंत पसरलेल्या आपल्या वस्त्यांत कुणी रत्नागिरी-रायगडहून आले, कुणी १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आले, कुणी विदर्भातून. कोकणातल्यांनी येताना नाचणी, कुळीथ आणि सुकट आणली. घाटावरच्यांनी ज्वारी, हुलगा, अंबाडी आणि कारळ्याची चटणी आणली. (हुलगा आणि कुळीथ एकच, हे आम्हाला बँकेत शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या परभणीच्या सहकाऱ्याकडून कळले. तोवर आम्ही दोघे आपापल्या धान्याची बढाई मारत होतो.) मग एका पिढीत या वस्तू घराबाहेर गेल्या. का गेल्या, याचा विचार केला पाहिजे.

वेळ नाही, हे एक कारण खरेच. पण ते एकच नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले. त्या एका सांगण्याने गावोगाव माणसांची मान वर झाली. परंतु पुढे शहरात आल्यावर, चार लोकांत बसू लागल्यावर, आपण जे जे गावाकडचे ते सारेच हलके समजू लागलो. भाकरी काळी म्हणून गेली, सुकट वास येतो म्हणून गेली, टाकळ्याची भाजी गरिबाची म्हणून गेली. बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले होते. नाचणी, कुळीथ आणि टाकळा सोडायला सांगितले नव्हते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले. आपल्या आजीच्या चुलीवर काय शिजत होते ते लिहून ठेवण्यासारखे आहे, हे अशा पुस्तकांमुळे आपल्या तरुणांना समजते. विद्यार्थ्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

आमच्याच घरातला प्रसंग सांगतो. मुलगी पाचवीत असताना डब्यात नाचणीची भाकरी दिली, तर डबा तसाच परत आला. "सगळे विचारतात, हे काळं काय आहे?" असे म्हणून ती रडली. आम्हीही फार वाद न घालता दुसऱ्या दिवसापासून चपाती-बटाटा सुरू केला. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आणि दुकानांतून चकचकीत पाकिटांत 'रागी'ची बिस्किटे आली. मैत्रिणीने वाढदिवसाला वाटलेले पाकीट वाचून आमची मुलगी म्हणाली, "ही तर आपली नाचणी!" त्या पाकिटाच्या किमतीत वाण्याकडे किलोभर नाचणी आली असती, हा आमचा कारकुनी हिशेब आम्ही मनातच ठेवला.

अन्नाचा विचार हा धम्माबाहेरचा विचार आहे असे कोणी समजू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची कथा आहे. तथागत तेथे गेले असता एक गरीब शेतकरी प्रवचनाला येणार होता. पण त्याचा बैल हरवला. दिवसभर रानात बैल शोधून, उपाशीपोटी तो सभेत पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी प्रथम विचारले ते हे, की भिक्खूंच्या जेवणातले काही उरले आहे काय. त्याला आधी जेवू घातले आणि मगच उपदेश केला. भिक्खूंनाही याचे नवल वाटले. भुकेल्या माणसाला धम्म समजत नाही, हे तथागतांना समजत होते. रक्त कमी असलेल्या मुलीला बीजगणित समजत नाही, हे आपल्याला समजायला वेळ लागतो. थकवा, लक्ष न लागणे, जिना चढताना धाप लागणे, सारखी झोप येणे ही रक्तक्षयाचीच लक्षणे आहेत; आणि आम्ही वर्षभर तिला आळशी म्हणत होतो.

डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली आणि आहार बदलायला सांगितला. गोळ्यांशिवाय केवळ खाण्याने एवढी तूट भरून निघत नाही, हे त्यांनी स्पष्ट बजावले. शाळांमधून १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ती याचसाठी. अनेक मुली ती गोळी दप्तरात टाकून विसरतात. पालकांनी दप्तर तपासावे.

आता वेळेचा हिशेब. आमच्यापैकी एक जण सकाळी सव्वाआठला मुलुंडहून निघतो, घाटकोपरला उतरून मेट्रो पकडतो आणि अंधेरीला जातो. दुसऱ्याची गाडी त्याच्याही आधी. २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली म्हणून बरे, त्याआधी हेच अंतर बसने कापताना संध्याकाळचा दीड तास जात असे. रात्री घरी पोहोचायला आठ. म्हणजे सकाळी तासभर आणि रात्री पाऊण तास, एवढाच चुलीजवळचा वेळ. यात रोज साग्रसंगीत स्वयंपाक होणे नाही. म्हणून आम्ही रोजचा स्वयंपाक करणे सोडले आणि आठवड्याचा स्वयंपाक करू लागलो.

रविवारी सकाळी विहारातील वंदनेहून आल्यावर दीड तास दोघे मिळून काम करतो. मुख्य काम कडधान्यांचे. शनिवारी रात्री अर्धा किलो मटकी किंवा मूग भिजत घालायचे, रविवारी सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायचे, सोमवारी पहाटे मोड तयार. डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले तर तीन-चार दिवस राहतात. भिजवल्याने आणि मोड आल्याने कडधान्यातील लोह शरीराला जास्त मिळते, कारण त्याला अडवून धरणारे घटक कमी होतात. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी स्टेशनबाहेर मोडाची पाकिटे मिळतात, निवडलेली मेथी मिळते, सोललेला लसूण मिळतो. आम्हाला पूर्वी याची लाज वाटायची. आता वाटत नाही. गाडीत मांडीवर पिशवी घेऊन शेंगा सोलणाऱ्या भगिनींना मुंबईत कोण नावे ठेवतो? फक्त बाहेरची पाकिटे घरी दोन-तीन पाण्यांनी धुवावीत आणि मोड शिजवूनच खावेत.

हे शिजवण्याचे आम्ही फजिती होऊन शिकलो. पहिल्या उत्साहात आम्ही कच्च्या मुगाची कोशिंबीर करून, लिंबू पिळून, मे महिन्यात मुलाच्या शिबिराच्या डब्यात दिली. दुपारपर्यंत तिला तार सुटली होती. त्याने ती मित्रांसह संपवली आणि दोन दिवस घरी पोट धरून बसला. ओलसर, उबदार मोडांत जंतू फार लवकर वाढतात. तेव्हापासून मोड कुकरला वाफवून घेतो आणि लिंबू वेगळे देतो.

रोज सकाळी कुकरमध्ये तीन डबे लागतात. खाली डाळ, मध्ये मोडाचे कडधान्य, वर भात. डाळ दोन वेळची एकदम शिजवतो, फोडणी न देता. सकाळी त्यातल्या अर्ध्या डाळीचे वरण होते. उरलेली फ्रिजमध्ये जाते आणि रात्री त्यात पालक किंवा माठ चिरून टाकला की डाळभाजी. कधी कणकेचे तुकडे सोडून वरणफळे होतात, त्या दिवशी भाताचीही गरज राहत नाही. कडधान्याला कांदा, टोमॅटो आणि मसाला घातला की उसळ. भाजी लोखंडी कढईत करतो. टोमॅटो, आमसूल किंवा चिंच घातलेला पदार्थ लोखंडात शिजला की कढईतले थोडे लोह त्यात उतरते. मात्र शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर काळा पडतो आणि चव बिघडते.

वरून लिंबू पिळायचे, हे विसरता कामा नये. धान्या-भाजीतले लोह शरीर फार थोडे उचलते. सोबत लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो असे 'क' जीवनसत्त्वाचे काही असले तर ते प्रमाण चांगले वाढते. आणि चहा त्याच्या नेमके उलट करतो. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा पोटातले लोह बांधून ठेवतो. आम्ही चहा सोडलेला नाही, सोडणार नाही; गाडीतून चेंगरून आलेल्या माणसाला चहा नको म्हणण्याचे पाप आमच्याने होणार नाही. फक्त तो घरात आल्या आल्या घेतो आणि जेवण तासाभराने. मुलांचा सकाळचा चहा मात्र बंद केला. त्याजागी नाचणीची आंबील. रात्री चार चमचे पीठ ताकात कालवून ठेवायचे, सकाळी तीन कप पाण्यात मीठ-जिरे घालून ढवळत शिजवायचे, पाच-सात मिनिटांत होते. आठवडाभर मुलांनी तोंडे वाकडी केली. मग लसणाची फोडणी देऊन पाहिली, ती चालली.

घाईच्या रात्रीसाठी आमच्या मते कुळथाच्या पिठीसारखा पदार्थ नाही. भाजलेल्या कुळथाचे पीठ डब्यात तयार असले की चार माणसांसाठी चार मोठे चमचे पीठ पुरते. ते आधी वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहील असे कालवावे. तेलात आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण लाल करावा, हिंग, हळद, तिखट घालून तीन-चार कप पाणी ओतावे, मग कालवलेले पीठ, मीठ आणि तीन आमसुले. उकळी येईपर्यंत हात थांबवू नये. पहिल्या वेळी आमचा फोन वाजला आणि पिठीच्या जागी गोळ्यांचे कालवण झाले. भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर दहा मिनिटांत जेवण होते. कुळथात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. डाळ महाग झाली की लोक हवालदिल होतात. त्या महिन्यात कुळीथ खावा.

दुसरा आधार भाजणीचा. ज्वारी एक किलो, बाजरी आणि नाचणी अर्धा-अर्धा किलो, हरभराडाळ, अख्खे उडीद आणि तांदूळ पाव-पाव किलो, वाटीभर धणे. सर्व वेगवेगळे भाजून गिरणीतून एकत्र दळून आणायचे. आठवड्यातून दोनदा थालीपिठे केली तरी चौघांना महिनाभर जाते. यात कांदा तर घालाच. पण मेथी, पालक, किसलेला दुधी, गाजर, उरलेले वरण, जे असेल ते मळून टाका. मुलांनी कधी न खाल्लेल्या भाज्या थालीपिठातून बिनतक्रार पोटात जातात.

मांसाहारी घरांना लोहाच्या बाबतीत थोडा फायदा आहे, कारण मांस-मासळीतले लोह शरीर अधिक सहज घेते आणि सोबतच्या कडधान्यातलेही घ्यायला मदत करते. रोज मटण परवडत नाही आणि तशी गरजही नाही. मूठभर जवळा कोरडा भाजून, धुऊन, दोन कांदे आणि आमसुलावर परतला की दहा मिनिटांत चौघांचे तोंडीलावणे होते. सुक्या मासळीत मीठ फार असते, म्हणून ती दोन पाण्यांनी धुवावी आणि वरून मीठ चाखूनच घालावे. रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावी. आता वासाचा प्रश्न. आम्ही भाड्याचे घर शोधत असताना एका इमारतीत आम्हाला नावाच्याही आधी "तुम्ही काय खाता?" असे विचारले गेले. या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आम्ही खरे उत्तर दिले आणि घर मिळाले नाही. आता जिथे राहतो तिथे खिडकी उघडून, पंखा लावून जवळा होतो आणि शेजारच्या ख्रिस्ती काकू वाटी घेऊन येतात.

अंडे हे नोकरदारांचे मित्र आहे. रात्री सहा अंडी उकडून ठेवली की सकाळची चिंता मिटते. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मेथी-कांदा घातलेली भुर्जी चपातीत गुंडाळून दिली, तर मुले धावतपळत खातात.

पावसाळ्यात बोरिवली, मुलुंड या स्टेशनांबाहेर आदिवासी भगिनी रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे. वर्षावासाच्या त्या तीन महिन्यांत विहारातून ग्रंथवाचन ऐकून परत येताना आम्ही एक तरी जुडी घेतो. टाकळ्याची कोवळी पाने कांदा-लसणावर परतली की झाले. शेवळे मात्र माहीत नसताना घेऊ नयेत, नीट न केल्यास घसा खाजतो. विकणारी बाईच ती कशी करायची ते सांगते आणि सोबत काकडेही देते.

मधल्या वेळचे खाणे हीच खरी लढाई. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असे सांगतात. गिरणी कामगारांनी त्यावर पाळ्या काढल्या. आम्ही त्याची निंदा करणार नाही. पण मैदा, बटाटा आणि तळण रोज पाच वाजता वाढत्या मुलाला पुरणार नाही. म्हणून घरात, हात सहज पोहोचेल अशा फळीवर तीन बरण्या ठेवल्या: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, कुरमुरे. फ्रिजमध्ये वाफवलेले मोड. यातून भेळ करायला मुलाला पाच मिनिटे लागतात आणि ती तो स्वतः करतो. ऋतूत पेरू, बोरे, आवळे. उरलेल्या चपात्यांची फोडणीची चपाती, तीत शेंगदाणे आणि मूठभर मोड. उकडलेले रताळे. गुळाने रक्त वाढते असे समजून काही जण मुलांना खडेच्या खडे देतात. गुळात थोडे लोह असते, परंतु तो शेवटी साखरच आहे.

बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये शिकत असताना रात्री भूक लागली की ओळखीच्यांनी दिलेले पापड आणि कपभर दूध यांवर भागवून पुन्हा अभ्यासाला बसत, असे धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे. आपण ही गोष्ट मुलांना त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतो. सांगावीच. पण त्या काळात त्यांच्या प्रकृतीची किती आबाळ झाली आणि पुढे मधुमेहाने त्यांना किती छळले, हेही सांगावे. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मुलाजवळ आम्ही आता चहाचा थर्मास ठेवत नाही, शेंगदाण्याची वाटी आणि केळे ठेवतो.

मोठ्यांचा प्रश्न उलटा आहे. चाळिशीनंतर आमच्या बँकेत निम्म्या टेबलांवर साखरेच्या गोळ्या दिसतात. संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. बेताने जेवण्याविषयीची गाथा त्याने एका तरुणाकडून जेवताना रोज म्हणवून घेतली आणि हळूहळू आपला आहार नाळीभर भातावर आणला. आमच्याकडे ते काम मुलगी करते. भाताचा दुसरा डाव घेतला की ती नुसती बघते.

शेवटी कामाच्या वाटणीचे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे असे सांगितले. भाषणांतून आपण सर्व जण हे सांगतो, पण संध्याकाळी कुकर कोण लावतो? आमच्याकडे आता ज्याची गाडी आधी पोहोचते तो कुकर लावतो, मागून येणारा भांडी घासतो. मुलगा कांदे चिरतो, अजून जाडे चिरतो. आणि चारही ताटे एकाच वेळी वाढली जातात. यामुळे आमच्या घरात झालेला बदल कुठल्याही पाककृतीपेक्षा मोठा आहे. पूर्वी उसळ संपली की मागून बसणारीच्या वाट्याला भात आणि लोणचे येत असे.

गोळ्या आणि हे जेवण सुरू केल्यावर तीन महिन्यांनी मुलीचा आकडा ११.१ आला. सहा महिन्यांनी १२.२. त्यानंतरही डॉक्टरबाईंनी तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या, कारण रक्तातला आकडा भरला तरी शरीराची शिल्लक भरायची असते. हे मात्र आम्हा बँकवाल्यांना चटकन समजले.

ज्यांना कुळथाची पिठी हवी असेल त्यांनी शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावे. भाजून, भरडून, साल पाखडून दळलेली पिठी गावचीच चांगली. इथे करायची झाल्यास कुळीथ मंद आचेवर भाजावा, आणि गिरणीवाल्याला आधीच विचारावे, कारण गव्हाच्या दळणात कुळथाचा वास उतरतो म्हणून बरेच जण तो शेवटी, रात्री नऊनंतरच दळून देतात.